स्पष्टच बोलतो

आमच्या कर्जतच्या घरमालकांना जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत होतं. फक्त जिन्यातल्या बल्बवर नव्हतं. तो गेला होता आम्ही तिथं राहायला जायच्या आधी, आणि आम्ही खोली सोडली तेव्हाही तसाच होता. मी दर महिन्याला आठवण करायची, "काका, जिन्यात काही दिसत नाही हो, कुणीतरी पडेल." ते मान हलवायचे, "बघतो, बघतो" म्हणायचे आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालायचे. समाज कुठं चाललाय ते लिहायचं असे, त्यात बल्बला कुठला वेळ!

खरं तर खोली बघायला गेलो तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. दुसरा घरमालक विचारतो, माणसं किती, मच्छी करता का, गाडी कुठं लावणार. यांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न टाकला, "फेसबुकवर आहात ना?" माझ्या नवऱ्याला वाटलं पोलिसांचा काही नवा नियम असेल. तो बिचारा म्हणाला, "हो, आहे की." "मग मला ॲड करा. मी जरा परखड लिहितो. वाचत जा, आणि आवडलं तर…" असं म्हणून त्यांनी अंगठा वर करून दाखवला. नाही आवडलं तर काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

साजगावच्या एका कारखान्यात ते टाईमकीपर होते. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर हाताला चैन पडेना. मग त्यांनी सगळ्या समाजालाच उशिरा आलेला कामगार ठरवून टाकलं आणि गॅलरीत प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची टाकून बसले. सकाळी दूधवाला यायच्या आत त्यांचं पहिलं मत तयार असायचं. एका बोटानं टाईप करायचे आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणायचे, त्यामुळे जगाच्या आधी ते मत आम्हाला ऐकू यायचं. मी इकडे भाकरी थापतेय आणि भिंतीपलीकडून चाललंय, "स्पष्टच… बोलतो… राग… आला… तर… येऊ दे…" प्रत्येक मताची सुरुवात हीच. आणि शेवटी सही, "एक सामान्य नागरिक, कर्जत."

विषयांना काही तोटा नव्हता. भोंगे वाजावेत की वाजू नयेत, देवळात कुठले कपडे घालून जावं, कुणी कुणाशी लग्न करावं, कुणी काय खावं, कुणाच्या सणाला सुट्टी असावी. माथेरानचा डोंगर त्यांच्या गॅलरीतून समोर दिसायचा. तिथं ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही शाळेच्या सहलीला. पण हजार कोसांवरच्या कुठल्या देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत कुणी जावं, याचा निकाल ते चहा गार व्हायच्या आत देऊन मोकळे व्हायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की यांची जीभ बोटात होती. हे माझं नाही, त्यांच्या बायकोचं वाक्य. काकू म्हणजे गरीब गाय नव्हे. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तोंडानं बोला हो एकदा कुणाशी! सगळं बोटातूनच सांडतंय."

आणि खरंच होतं ते. समोर माणूस उभा राहिला की या वाघाची शेळी व्हायची. दुधात पाणी येत होतं, आमच्याही आणि त्यांच्याही. त्यावर त्यांनी 'भेसळीचे राक्षस' असं भलंमोठं लिहिलं. लहान मुलांच्या तोंडचं दूध पळवणाऱ्यांना भर चौकात उभं करा, इथपर्यंत मजल गेली. दुसऱ्या दिवशी राक्षस किटली घेऊन दारात आला. मी मुद्दाम जिन्यात थांबले, म्हटलं बघू तरी. काका म्हणाले, "या, या. काल साय छान आली होती हं." राक्षस खूश होऊन गेला. मी घरात येऊन पोट धरून हसले.

श्रावणात त्यांनी लिहिलं, की पवित्र महिन्यात मासळी खाणाऱ्यांना स्वतःला हिंदू म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. हे लिहीत असताना त्यांच्याच खिडकीतून जवळ्याचा असा खमंग वास येत होता की माझी भाजी मला गोड लागेना. मी काकूंना विचारलं, "काकू, आज जवळा का?" त्या म्हणाल्या, "मग काय करू? ह्यांना वरणभात गिळवत नाही. लिहितायत तोवर होईल तयार." नाकानं कांदे सोलणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण जवळा खाऊन कांदे सोलणारा हा एकच.

बरं, एका मतावर टिकावं तर तेही नाही. सकाळी लिहिलं, सगळेच भोंगे बंद करा, कुणाचेही असोत. दुपारी त्यांच्या पुतण्यानं त्याच मताखाली लिहून विचारलं, "काका, मग आपल्या मंडळाच्या डीजेचं काय?" झालं. संध्याकाळी नवं परखड मत आलं, की आवाज मोठा की लहान हा मुद्दाच नाही, त्यामागची भावना बघा. दोन्ही मतांखाली सही तीच. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. फक्त इथं घुगऱ्या म्हणजे ते निळे अंगठे.

आंतरजातीय लग्नांवर तर त्यांनी असं काही लिहिलं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वतः मांडवात उभा राहून अक्षता वाटत असेल. त्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या भाचीनं तसं लग्न ठरवलं. बहीण रडत यांच्याकडे आली, म्हणाली, "तू तरी आमच्या ह्यांना समजाव रे दादा." दादांची पाठ धरली. लग्न होऊन पंधरवडा झाल्यावर सुटली. भाची घरी पाया पडायला आली तेव्हा मात्र तिच्याबरोबर फोटो काढला आणि त्यावर लिहिलं, "बदल घरापासून सुरू होतो." ती पोरगी जाताना माझ्याकडे बघून इतकी कडू हसली की विचारू नका.

इथपर्यंत मी हसून सोडून देत होते. असतात म्हाताऱ्या माणसांचे नाद. कुणी पत्ते कुटतो, कुणी मतं ठोकतो. मी एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होते, दिवसभर माणसांची उघडी तोंडं बघायची मला सवय होती. पण वनिताच्या गणपतीचं झालं आणि माझं हसू गेलं ते गेलंच.

वनिता आमच्या खालच्या खोलीत राहायची. सासर कुंभिवलीजवळच्या गावातलं. नवरा टेंपो चालवायचा, काविळीनं गेला. पदरात एक मुलगी, पाचवीतली. वनिता साजगावला पॅकिंगच्या कामाला जायची. कंपनीची गाडी पहाटे नाक्यावर यायची, ही मुलीचा डबा भरून, तिला माझ्या हवाली करून पळायची. बोलायला मऊ, कामाला वाघीण.

तिच्या घरी साखरचौथीचा गणपती होता. आमच्या रायगडात हा असतो. भाद्रपदातली मोठी चतुर्थी होऊन जाते, पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यातल्या संकष्टीला काही घरांमध्ये गणपती येतो. कुणाकडे सुतक होतं म्हणून राहिलेला, कुणाचा नवसाचा. घाटावरच्या माणसाला सांगितलं तर त्याचे डोळे कपाळात जातात, पितृपक्षात गणपती? पण इकडे पेण, कर्जत, खालापुरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. उलट मोठ्या गणपतीत पोट भरलं नसेल तर माणसं साखरचौथीचे मोदक खायला जातात. वनिताचा गणपती नवसाचा. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन मूल नव्हतं, तेव्हा नवऱ्यानं बोललेला. मुलगी झाली आणि त्यानं गणपती आणायला सुरुवात केली.

गणपती आणायचा म्हणजे आधी आपल्या घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा. त्या पाटावर तो मूर्ती बसवून देतो. विसर्जन झालं की नदीतली मूठभर वाळू त्या पाटावर घालून पाट घरी आणायचा, ज्या जागी गणपती होता तिथं ठेवून आरती करायची, मग वर माळ्यावर ठेवून द्यायचा. ज्याच्या घरी पाट, त्याच्या घरी गणपती. दुसरा कागद लागत नाही, पुरावा लागत नाही.

नवरा गेला ते वर्ष गणपती आलाच नाही. दुसऱ्या वर्षी प्रश्न पडला, आता हा गणपती बसवायचा कुणी? घरात पुरुष नाही, मुलगा नाही. रीतीप्रमाणे पाट दिराकडे जायला हवा होता. वनिताला तर रात्रंदिवस तीच काळजी. मला म्हणायची, "ताई, त्यांचं म्हनून एवडंच ऱ्हायलंय माज्याकडं. टेंपो गेला, गावची खोली गेली. गनपती तरी जाऊ नये."

दीर वनिताच्या नवऱ्याहून धाकटा. शेती करायचा आणि हायवेवरच्या एका गोदामात कामाला जायचा. माणूस चांगला. आईशी बोलला आणि एका रविवारी येऊन वनिताला म्हणाला, "वयनी, पाट तुज्याकडंच राहू दे. पयल्या आरतीला मी येतो, पाटाला हात लावतो. पुडचं तू नि पोरगी करा. फक्त कोनाला सांगत बसू नको. दोन वर्सं गेली की कोन इचारनार नाय."

आमच्याकडे असल्या गोष्टी अशाच होतात. कुणी ठराव करत नाही, कुणी घोषणा देत नाही. एकानं बघून न बघितल्यासारखं करायचं, दुसऱ्यानं गाजावाजा न करता करत राहायचं. हळूहळू तीच रीत होऊन बसते, आणि पुढची पिढी म्हणते, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे. वनिता त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. आनंदानं रडली.

साखरचौथीच्या सकाळी ती मोहरी रंगाचं लुगडं नेसून, हातात बांगड्या भरून मूर्तिकाराकडे गेली. परत आली तेव्हा दोन्ही हातांत पाट, पाटावर टीचभर उंचीचा गणपती, त्याच्या तोंडावर रुमाल. पुढे मुलगी झांज वाजवत. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी. आणि वरून गॅलरीतून आवाज आला, "थांब गं, थांब! एक फोटो काढतो. आठवण राहील!"

काका धावत खाली आले. त्या आठवड्यात त्यांचा बायकांच्या उद्धाराचा मोसम चालू होता. कुठल्याशा गावानं विधवांच्या बांगड्या फोडायची रीत बंद केल्याची बातमी फिरत होती आणि काका रोज त्यावर दोनदोन मतं देत होते. मला मेलीला तेव्हा काही सुचलं नाही. वनितानं भोळेपणानं गणपतीचा रुमाल बाजूला केला आणि हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी बघत होते.

थोड्या वेळात दीर आला. पाटाला हात लावला, आरती म्हटली, मी त्याला प्रसाद दिला. "ताई, येतो, दुपारची ड्युटी हाय," म्हणून गेला. सगळं कसं निर्विघ्न.

दुपारी दवाखान्यात एक पेशंट तोंडात कापूस धरून बसला होता, म्हणून मी जरा मोबाईल उघडला. तर समोर वनिता. पाट, गणपती, मुलगी, सगळे. वर लिहिलेलं, "स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. आज माझ्या घरात क्रांती झाली! माझ्या भाडेकरू…" आणि पुढे तिचं आडनावासकट पूर्ण नाव, सासरचं गाव, कामाचं ठिकाण, सगळं. "…या विधवा भगिनीने दिराचा आणि सासरच्या मंडळींचा कडवा विरोध झुगारून, माझ्या खंबीर पाठिंब्याने गणपती बसवला!"

विरोध? कसला विरोध? कुणाचा? सकाळीच तो दीर माझ्या हातचा प्रसाद खाऊन गेला होता! पण काय आहे, नुसत्या गणपतीला कोण विचारतं? क्रांती म्हटली की कुणीतरी दुष्ट पाहिजे. मग धरला दीर आणि केला दुष्ट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथं खाली लिहिलं, "काका, दीर सकाळी स्वतः आरतीला होते. विरोध कुणी केला नाही. हे काढून टाका." दोन मिनिटांत माझं लिहिणं गायब. पुन्हा लिहायला गेले तर काकाच गायब. त्यांनी मला ब्लॉक केलं होतं. एका भिंतीआड राहणारा माणूस! संध्याकाळी जिन्यात भेटले तर जसं काही झालंच नाही. "पाणी आलं का हो तुमच्याकडे?"

"पाणी मरू दे," मी म्हटलं, "आधी ते काढा."

"अहो, तुम्हाला सोशल मीडिया कळत नाही," ते म्हणाले, "किती लोकांपर्यंत पोचलंय ते बघा."

पोचलं होतं खरंच. फार लांब पोचलं होतं. दुपारी 'धन्य ती माउली' म्हणणाऱ्यांचा चहा होतोय तोवर दुसरे जागे झाले. पितृपक्षात गणपती? हे कुठलं शास्त्र? धर्म बुडवायला निघालेत. या माणसाला कोण पैसे देतं? कुणी तर घराचा पत्ताच विचारला. आता काका इथलेच, जन्मले इथं, वाढले इथं. त्यांच्या स्वतःच्या मावशीकडे साखरचौथीचा गणपती. त्यांनी एक ओळ लिहायची होती, की बाबांनो, आमच्याकडे ही रीत आहे, वाडवडिलांपासून आहे. पत्ता विचारल्यावर गड्यानं शेपूट घातली. अंधार पडायच्या आत दुसरं मत आलं. "स्पष्टच बोलतो. पितृपक्षात गणपती बसवणे मलाही तत्त्वतः पटलेले नाही. भाडेकरूच्या खासगी कृतीशी घरमालकाचा संबंध जोडू नये." दुपारची क्रांती संध्याकाळी खासगी झाली. साफ काखा वर! हे मी नवऱ्याच्या मोबाईलवर वाचलं आणि मला त्या माणसाची किळस आली. राग नाही, किळस.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाला दीर आला तो आईला घेऊनच. चेहरा उतरलेला. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकानं त्याला मोबाईल दाखवला होता. "काय रं, वयनीला छळतोस म्हनं?" गोदामातला साहेबसुद्धा बोलला होता. वनितानं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. सरळ वर गॅलरीत गेला. मागून वनिता, म्हातारी आणि मीही.

"काका," तो हात जोडून म्हणाला, "तुमी मोटी मानसं. मी इरोद केला आसं कोनी सांगितलं तुमाला?"

काका खुर्चीतून अर्धवट उठले, परत बसले. "अरे, तसं नाही… व्यक्तिशः तुला नाही म्हटलेलं. ती एक प्रवृत्ती असते…"

"प्रवर्ती कोन ते मला ठावं नाय. गाव मला इचारतंय. येवडंच लिवा, का दिरानं इरोद केला नाय, त्यो आरतीला व्हता. बास."

काकू आतून आल्या. "लिहा की हो. एवढं लिहिता रोज, दोन ओळी लिहा, माझं चुकलं म्हणून."

"तसं चालत नाही गं," काका म्हणाले. मग एकदम आवाज गंभीर करून दिराला म्हणाले, "हे बघ, हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. लोकांच्या घरगुती प्रश्नात मी मत देत नाही."

माझा ताबा सुटला. "वा रे वा! काल चावडीवर मांडलात तेव्हा नव्हता का घरगुती? हिचं नाव, गाव, कंपनी सगळं लिहिताना नव्हता? जगाला शहाणपण शिकवता, आणि समोर उभ्या माणसाला खरं काय ते सांगायला बोटं दुखतात होय?" ते माझ्याकडे बघेनात. मोबाईलची काच लुंगीला पुसत बसले.

दिरानं जोडलेले हात खाली घेतले. मग वनिताकडे वळला. "वयनी, आता पाट हितं ठेवता येनार नाय."

"भावजी, लिवलं ते त्यांनी. मी नाय," वनिता म्हणाली.

"ठावं हाय गं मला. पन गावाला कोन सांगंल? पाट हितं ठेवला तं म्हनतील, फेसबुकवाल्याला भ्यायला. खरंच छळत व्हता म्हनून गप बसला. माज्या पोरींची लग्नं व्हायची हायत." तो खाली मान घालून बोलत होता. म्हातारीनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला, पण तीही काही बोलली नाही. कालपर्यंत तिच्या न बोलण्यातच होकार होता. आता त्याच न बोलण्यात नकार आला.

उल्हास नदीवर विसर्जन झालं. मी दवाखान्यात गेले होते, संध्याकाळी परतले तर वनिता उंबऱ्यात बसलेली. हातात आरतीचं रिकामं ताट. गणपतीच्या जागी रांगोळी तशीच, मखर तसंच. मुलगी म्हणाली, "मावशी, गावच्या काकानं पाट नदीवरूनच गावाला नेला. वाळू पन त्यांच्याकडंच हाय." मी त्या पोरीला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

पुढच्या साखरचौथीला वनिता गावी गेली. दिराच्या घरी मोदक वळले, आरतीला मागे उभी राहिली. सगळ्यांनी नीट वागवलं म्हणाली, जावेनं ओटीही भरली. "पाव्हनीसारकं वागवलं, ताई," एवढंच म्हणाली आणि कपडे धुवायला बसली.

हे होऊन काही दिवस गेले. मोबाईलला तिथी कळत नाही, तारीख कळते. एका सकाळी काकांच्या मोबाईलनं त्यांना आठवण करून दिली, की गेल्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही हे लिहिलं होतं. आणि बायकांच्या उद्धाराचं वारं नेमकं पुन्हा सुटलं होतं. काखा वर केलेलं ते दुसरं मत कधीच पुसून टाकलेलं. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "गेल्या वर्षी… याच दिवशी… माझ्या घरात… क्रांतीची ज्योत… पेटली. ती… आजही… तेवत आहे." मला वाटलं, कसलं तरी जुनं तुणतुणं असेल. वनिताचा फोटो असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुपारी तीनच्या गाडीनं वनिता आली ती घरात गेलीच नाही, सरळ वर गॅलरीत आली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पॅकिंगच्या बायकांनी तिला फोटो दाखवला होता, आणि एकीनं विचारलं होतं, "यंदा पन बसवलास का गं गनपती?"

"काका," ती म्हणाली, "त्यो फोटो काडा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "का गं? किती छान आलाय! खाली वाच तरी, कोण कोण काय म्हणतंय. एक बाई लिहितात, या माउलीला माझा दंडवत."

"काडा म्हनलं ना."

"अगं वेडे, तुझ्यासाठीच लढतोय मी. चारशे लोकांना आवडलंय ते."

वनितानं गॅलरीचा गज धरला. मला वाटलं आता ही रडेल, पण ती रडली नाही. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "काका, गनपती फोटोत हाय. घरात नाय."

मी हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिले. काकू दारात येऊन थांबल्या होत्या. मला खरंच वाटलं, या माणसाची मान आज तरी खाली जाईल. आणि ती गेली. काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, मान खाली घातली, मोबाईल जवळ घेतला आणि बोट उचललं.

"वा!" ते म्हणाले, "काय बोललीस गं! पुन्हा एकदा बोल. जरा हळू."